नान-तथ्रेन: दोन नद्यांच्या संगमावरचं विलोंचं खोरं कशावर उभं आहे

इंग्रजी लेखक टोल्किनच्या काल्पनिक जगातल्या बेलेरियांड या भूभागाच्या दक्षिणेला नारोग नदी सिरिओनला मिळते. या संगमाभोवतीचं खोरं म्हणजे नान-तथ्रेन, विलो या पाण्याकाठी वाढणाऱ्या झाडांचा देश. 'द सिल्मरिलियन' या टोल्किनच्या पुस्तकात त्याला फार जागा नाही. दोन-तीन परिच्छेदांत ते येतं, थकलेली माणसं तिथं थोडी विसावतात आणि पुढं निघून जातात. तरी नकाशे काढणारे, कल्पनारम्य कथा लिहिणारे किंवा खेळासाठी जग रचणारे लोक या खोऱ्याची नक्कल करतात, आणि ती बहुतेक वेळा फसते. नदीची निळी रेघ ओढली, दोन्ही काठांना लोंबत्या फांद्यांची झाडं चिकटवली की खोरं तयार, असा समज असतो. मूळ खोरं मात्र नदीशास्त्राच्या कसोटीवर लावलं तर आश्चर्य वाटावं इतकं टिकतं. ते का टिकतं आणि कुठं कमी पडतं, हे इथं तपासलं आहे.

हाताशी असलेली माहिती

सिरिओन उत्तरेकडची खिंड ओलांडून दक्षिणेला 130 लीग वाहते. एक लीग सुमारे 3 मैलांचा धरला तर हे सुमारे 625 किलोमीटर झाले. वाटेत ती आयेलिन-उइअलच्या पाणथळीत पसरते, तिथून आन्द्राम नावाच्या लांबलचक टेकडीपाशी कोसळते आणि 3 लीग, म्हणजे 14-15 किलोमीटर, जमिनीखालून वाहून पलीकडे बाहेर पडते. नारोग इवरिनच्या तळ्यांपाशी उगम पावते आणि सुमारे 80 लीग (385 किलोमीटर) वाहून सिरिओनला मिळते. तिचा मधला टप्पा अरुंद घळीतून फेसाळत जातो. संगमानंतर दोन्ही नद्यांची घाई संपते आणि रुंद, संथ प्रवाह कुरणांतून वाहू लागतो.

खोऱ्याचं सविस्तर वर्णन वोरोन्वे या एल्फ खलाशाच्या तोंडी आहे. काठाला आयरिस या फुलझाडाची दाट रानं, गवतात रंगीबेरंगी फुलं, गुडघ्यापर्यंत आलेलं गवत, आणि वाऱ्यात कधी फिकट हिरवे तर कधी रुपेरी दिसणारे विलो. खोऱ्याच्या दक्षिणेला फुलांची कुरणं, त्यापुढं बोरूची बेटं आणि दलदल, शेवटी वाळूचा त्रिभुज प्रदेश, जिथं समुद्रपक्ष्यांशिवाय कुणी नाही.

एवढ्या माहितीवर बरंच काही सांगता येतं. वाऱ्यात रुपेरी होणारा विलो म्हणजे पांढऱ्या विलोच्या, सॅलिक्स अल्बाच्या, जातकुळीतला. त्याच्या पानाच्या खालच्या बाजूला रेशमासारखी दाट लव असते. वारा आला की पानं उलटतात आणि 20-30 मीटर उंचीचं झाड क्षणात रंग बदलतं. बागांमध्ये दिसणारा लोंबत्या फांद्यांचा विलो, सॅलिक्स बॅबिलोनिका, मूळचा चीनचा आणि माणसांनी लावून पसरवलेला आहे. रानटी खोऱ्याच्या चित्रात तोच सगळीकडे दिसला की चित्रकारानं झाड पाहिलेलं नाही, बागेचं चित्र पाहिलं आहे, असं खुशाल समजावं. मराठी वाचकाला विलो अगदीच परका नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठानं वाळुंज उभा असतो, तो याच सॅलिक्स प्रजातीतला.

गाळ आणतं कोण?

विलोंच्या खोऱ्यात झाडांइतकाच महत्त्वाचा असतो तो गाळ. विलोचं बी रुजायला ताजी, उघडी, ओली माती लागते, आणि ती दर काही वर्षांनी नव्यानं तयार व्हावी लागते. म्हणून इथं पहिला प्रश्न असा, की ही माती येते कुठून?

सिरिओन मोठी, तेव्हा गाळही तिचाच, असं सहज वाटतं. पण संगमाच्या आधी ती आयेलिन-उइअलच्या पाणथळीत थांबलेली असते. पाणी पसरून मंदावलं की गाळ तळाशी बसतो. धरणाच्या जलाशयात होतं तेच इथं होणार. म्हणजे आन्द्रामच्या पोटातून बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी नितळ असणार. नितळ पाणी खाली काही जमवत नाही, उलट तळ आणि काठ खरवडतं. मोठ्या धरणांच्या खालच्या अंगाला नदीचं पात्र खोल जाताना दिसतं, ते याचमुळं.

उरली नारोग. घळीतून जोरात येणारी नदी वाळू, गोटे आणि पोयटा घेऊन येते, आणि संगमाजवळच्या सपाटीवर उतार संपला की सगळा माल तिथंच टाकते. शिवाय सिरिओनला पूर असेल तेव्हा तिचं पाणी नारोगच्या मुखाला आडवं येतं, नारोग मागं तुंबते आणि आणखी गाळ सोडते. म्हणून नान-तथ्रेनला सिरिओननं पाणी दिलं आणि नारोगनं जमीन, असं म्हणावं लागतं. नकाशात विलोंचं दाट रान नारोगच्या मुखाजवळ आणि संगमाच्या खालच्या अंगाला यायला हवं. संगमाच्या वर, सिरिओनच्या काठाला ते विरळ ठेवावं, कारण तिथले काठ उभे आणि खरवडलेले असतील.

संगमाचा कोनही पाहावा लागतो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि प्रवाह काटकोनात वळतो. अशा ठिकाणी भोवऱ्यानं तळ खोल जातो. दोन नद्या लहान कोनात, जवळजवळ बाजूबाजूनं मिळाल्या तर मधल्या निमुळत्या जागेत गाळाची जीभ तयार होते. विलोंना ही जीभच हवी असते.

बी, पाणी आणि पंधरा-वीस दिवस

या प्रकरणाचा गाभा हाच, आणि बहुतेक रचनाकार नेमका हाच भाग सोडून देतात.

विलोमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फुलांचे तुरे वसंताच्या सुरुवातीला, बहुतेक जातींत पानांच्या आधी किंवा पानांबरोबर येतात. टोल्किनच्या ट्रीबियर्ड या झाडांच्या राखणदाराच्या आठवणींत चार ऋतूंना चार वनं आहेत. त्यात वसंत या विलोंच्या कुरणांना दिला आहे, आणि ती निवड अचूक आहे. वसंत सरता सरता मादी झाडांवरून कापसाचे पुंजके उडू लागतात. बी इतकं बारीक असतं की त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. म्हणून ते काही दिवस, फार तर काही आठवडे जिवंत राहतं. ओल्या, उघड्या गाळावर पडलं तर एका दिवसात अंकुरतं. गवतावर, पाचोळ्यावर किंवा सावलीत पडलं तर वाया जातं.

अंकुरल्यावर शर्यत सुरू होते. पूर ओसरतो, जमिनीतली पाण्याची पातळी खाली जाते आणि रोपाच्या मुळाला तिचा पाठलाग करावा लागतो. विलो आणि त्याच्याच कुळातला पॉपलर यांच्या रोपांचा अभ्यास उत्तर अमेरिकेतल्या नद्यांकाठी झाला आहे. पातळी दिवसाला साधारण 2.5 सेंटिमीटरपेक्षा वेगानं उतरली तर रोपं वाळून मरतात, असं त्यातून दिसतं. या वेगानं पाणी 1 मीटर उतरायला 40 दिवस लागतात. विलोसाठी तर उतार याहूनही सावकाश असलेला बरा.

म्हणजे बी उडण्याच्या पंधरा-वीस दिवसांत पुराचं शिखर नुकतंच ओसरलेलं हवं आणि पुढचा दीड महिना पाणी सावकाश उतरायला हवं. बर्फ वितळून येणाऱ्या पुरात हे जमतं. सिरिओन आणि नारोग दोघींचे उगम एरेद वेथ्रिनच्या डोंगरांत आहेत. तिथल्या माथ्यांवर हिवाळ्यात बर्फ साठतो असं धरलं, तर वेळापत्रक जुळतं. आयेलिन-उइअलची पाणथळ इथं दुसऱ्यांदा उपयोगी पडते. ती पूर पोटात घेऊन सावकाश सोडते, त्यामुळं खालची उतरण आणखी संथ होते.

मराठी लेखक स्वतःच्या ओळखीची नदी डोळ्यांसमोर ठेवून असं खोरं रचतात तेव्हा इथंच घोटाळा होतो. सह्याद्रीतून उतरणारी नदी काही तासांत चढते आणि तितक्याच वेगानं उतरते. पात्र खडकाळ, काठ उभे. तिथं वाळुंज ओढ्याकाठी एका रांगेत उभा राहील, पण मैलोगणती पसरलेलं रान होणार नाही. कथेतली नदी पावसाळीच ठेवायची असेल, तर वरच्या अंगाला मोठं तळं किंवा पाणथळ दाखवून उतरण संथ करून घ्यावी.

बियांखेरीज विलोला आणखी एक वाट आहे. फांदीचा तुकडा ओल्या गाळात रुतला की मुळं धरतो. खोडाच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीच तयार असतात. क्रॅक विलो या जातीच्या डहाळ्या तर सांध्यापाशी काडकन तुटतात, वाहत जातात आणि खालच्या वळणावर रुजतात. पण अशी सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल असतात. एक रोग आला तर सगळ्यांना एकदम लागतो. खोऱ्यातले विलो एका वर्षात वठले असा प्रसंग कथेत हवा असेल, तर शाप घालण्याची गरज नाही, हे कारण पुरेसं आहे.

गुडघाभर गवताची अडचण

वोरोन्वे गुडघाभर गवतात उभा राहून विलोंची सळसळ ऐकतो. चित्र सुंदर आहे, पण दाट गवतात विलो रुजत नाही. मग गवत आणि विलो एकत्र कसे?

दोन्ही एकाच वेळी आलेले नाहीत, हे त्याचं उत्तर. आधी उघडा गाळ, त्यावर विलोची रोपं, मग झाडं उंच झाल्यावर आणि जमीन गाळानं थोडी वर आल्यावर खाली गवत. वोरोन्वे ज्या झाडांखाली उभा आहे ती निदान वीस-तीस वर्षांची असणार, आणि त्याच्या पायाखाली आता नवा विलो येणार नाही. नवे विलो तिथून काहीशे पावलांवर, वळणाच्या आतल्या बाजूला साचलेल्या ताज्या गाळावर असतील. पांढरा विलो सत्तर-ऐंशी वर्षांत पोकळ होऊन मोडू लागतो, काही झाडं शंभरी गाठतात. झाडं सावली सोसत नसल्यानं जुन्यांच्या पोटात नवी येत नाहीत. त्यांच्या जागी अॅश, एल्म, ओक येतात. खोरं शतकानुशतकं विलोंचं राहिलं, याचा अर्थ नदी इतकी शतकं जागा बदलत राहिली.

याचा हिशेब नकाशावर मांडता येतो. वळण वर्षाला सरासरी 1.5 मीटर सरकतं आणि विलो 60 ते 80 वर्षं उभा राहतो असं धरलं, तर एका प्रवाहाच्या काठी विलोंचा पट्टा 90 ते 120 मीटर रुंद होईल, त्याहून फारसा जास्त नाही. 'विलोंचा देश' म्हणण्याइतकं रान हवं तर एक प्रवाह पुरत नाही. संगमाखाली नदी पाच-सहा फाट्यांत विभागलेली, मधे बेटं, जागोजाग तुटून पडलेली नालाकृती सरोवरं, असंच चित्र काढावं लागतं. संथ, रुंद, गाळानं भरलेल्या नदीला ते शोभतंही.

फुलांची गोष्ट आणखी नाजूक आहे. दर वर्षी पोयटा मिळणारी जमीन माजते, आणि माजलेल्या जमिनीत उंच गवत व बोरू बाकीच्या फुलझाडांना दाबून टाकतात. लाल, सोनेरी, घंटेसारखी फुलं तिथं टिकायची तर गवत कुणीतरी कापून न्यायला हवं किंवा चरायला हवं. मूळ मजकुरात दक्षिणेकडच्या कुरणांत फार थोडे लोक राहतात असं म्हटलं आहे, आणि गुराढोरांचा उल्लेख नाही. आमच्या मते या प्रकरणातला हा एकच कच्चा दुवा. त्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे हरणांचे किंवा रानगाईंचे कळप. काठाचं आयरिस मात्र कळपांतही टिकेल, कारण ते विषारी असतं आणि जनावरं त्याला तोंड लावत नाहीत.

बोरूची बेटं आणि ओसाड वाळू यांचा क्रम निर्दोष आहे. विलोला खारं पाणी सोसत नाही, बोरूला थोडंफार सोसतं. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथं विलो थांबतात.

निर्वासितांचा तळ

पहिल्या युगाच्या 510 या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गोन्डोलिन हे एल्फांचं लपलेलं शहर पडतं. वाचलेले लोक तुओर या आपल्या म्होरक्याबरोबर बिकट वाटेनं दक्षिणेला येतात आणि वर्ष उतरणीला लागलेलं असताना नान-तथ्रेनच्या विलोंखाली थांबतात. तिथं ते मेलेल्यांच्या स्मरणार्थ मेजवानी करतात, गाणी म्हणतात आणि पुढं समुद्राकडे जातात. अशा प्रसंगात खोरं माणसांना काय देऊ शकतं आणि काय नाही, हे नेमकं ठाऊक असावं.

शरद ऋतूत पाणी सर्वांत खाली असतं, त्यामुळं तळ टाकायला कोरडी जागा भरपूर मिळते. पानगळीनंतर विलोचे फोक कापण्याचा हंगाम सुरू होतो. एका वर्षात वाढलेला फोक 2 ते 2.5 मीटरचा असतो, दोन-तीन वर्षांचा 3-4 मीटरचा. पाच माणसांच्या कमानीच्या झोपडीला जाड फोक 14-16 लागतात आणि मधे विणायला बारीक फोकांच्या दोन-तीन मोळ्या. शंभर माणसांना वीस झोपड्या, म्हणजे तीनशेच्या आसपास जाड फोक. भिंती कुडाच्याच: फोकांचा विणलेला सांगाडा आणि त्यावर चिखल. टोपल्यांना मात्र घाई चालत नाही. ताज्या फोकांची टोपली वाळल्यावर आक्रसते आणि सैल होते. फोक आधी वाळवायचे, मग विणण्यापूर्वी भिजवायचे. सालीसकट वाळवलेल्या फोकाला दर 30 सेंटिमीटर लांबीमागं एक दिवस, हा विणकरांचा ढोबळ हिशेब.

सरपणाची अडचण होणार. ताज्या विलोच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते धुमसतं, धूर करतं. वठलेल्या फांद्या गोळा कराव्या लागतील, आणि शेकडो माणसांना त्या पंधरा दिवसांत संपतील. तुळया, वल्ही, होडीचा कणा यांसाठीही हे लाकूड उपयोगाचं नाही. हलकं आणि लवकर कुजणारं. ओला खुंट जमिनीत ठोकला तर वसंतात त्याला पालवी फुटते. काठ धरून ठेवायला ते उत्तम, पण कुंपणाची ओळ दोन वर्षांत झाडांची रांग होते.

जखमा आणि शीण तिथं बरे झाले, असं मजकूर सांगतो. विलोच्या सालीत सॅलिसिन असतं. ताप आणि दुखणं त्यानं कमी होतं. इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन या पाद्रीनं सालीची पूड सुमारे पन्नास तापकऱ्यांना देऊन त्याचं टिपण 1763 मध्ये रॉयल सोसायटीकडे पाठवलं होतं. काढा तुरट-कडू लागतो आणि रिकाम्या पोटी घेतल्यास पोट बिघडतं. तुटलेलं हाड किंवा चिघळलेली जखम त्यानं बरी होत नाही. लेखकांनी त्याच्याकडून एवढी अपेक्षा करू नये.

नकाशावरची मापं

उतार किलोमीटरला 20-30 सेंटिमीटर ठेवावा. उन्हाळ्याअखेरची सर्वांत खालची पाणीपातळी शून्य धरावी. शून्याच्या आसपास, फूटभर पाण्यापर्यंत, आयरिस. शून्यापासून मीटरभर उंचीपर्यंत फोकांचे झुडपी विलो. अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंत पांढरा विलो. त्यावर कुरण, आणि तीन मीटरच्या वर, जिथं पूर क्वचित पोचतो, तिथं एल्म आणि ओक. वस्ती या शेवटच्या पायरीवरच दाखवावी. विलोंच्या मधोमध दगडी गाव काढलं तर दर वसंतात ते पाण्यात जाईल. झाडांची वयं नदीपासून दूर जाताना वाढत जावीत, वळणाच्या आतल्या बाजूला कमानीसारख्या रांगांत. सगळी झाडं एका उंचीची काढणं ही सर्वांत सामान्य चूक आहे.

माणसांचा वावर दाखवायचा असेल तर गावाजवळच्या विलोंचे शेंडे दोन-अडीच मीटरवर छाटलेले असावेत, म्हणजे कोवळे धुमारे गुरांच्या तोंडाला लागत नाहीत. ही छाटणी दर पाच-दहा वर्षांनी करायची असते. वीस-पंचवीस वर्षं ती राहिली तर माथा जड होतो आणि पोकळ खोड उभं चिरतं. टोल्किनच्याच दुसऱ्या एका खोऱ्यात म्हातारा विलो आपल्या खोडाच्या भेगेत प्रवाशांना अडकवतो. मनुष्य मावेल एवढी भेग जुन्या विलोला खरोखर पडते.

आणि एखाद्या राजानं पूर थांबवायला काठाला बांध घातला तर? पहिली दहा वर्षं कुणाला काही कळणार नाही. उलट विलो जोमात दिसतील. पण नवा गाळ साचणार नाही, म्हणून नवी रोपं दिसणं बंद होईल, आणि हे फक्त फोक कापणाऱ्यांच्या लक्षात येईल. विसाव्या-तिसाव्या वर्षी विलोंच्या सावलीत अॅश आणि ओकची रोपं कमरेएवढी झालेली असतील. बांधांच्या मधे कोंडलेली नदी तळ खरवडत जाईल, जमिनीतलं पाणी खाली जाईल आणि कुरणाच्या कडेचे विलो शेंड्याकडून वाळू लागतील. साठाव्या वर्षी मोठी झाडं एकामागून एक मोडतील. बांध त्यानंतर फोडला तरी खोरं लगेच परत येत नाही. पात्र खोल गेलेलं असल्यानं साधा पूर काठावर चढतच नाही. त्यासाठी नारोगच्या मुखाशी पुन्हा गाळ साठून तळ वर यावा लागतो, आणि मग बी उडण्याच्या त्या पंधरा-वीस दिवसांत ओसरणारा एक मोठा पूर.